कुणाच्या वतीनं?



गेल्या बैठकीत भांडण झालं. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या या पानांचे संपादक, ज्यांना आपण सगळे दादा म्हणतो, त्यांना एका पक्षाकडून विचारणा झाली आहे. आधी नगरपरिषदेचं तिकीट, आणि काम दाखवलं तर पुढं मुंबईला न्यायचं, असं बोलणं आहे. मुंबईला म्हणजे विधान परिषदेवर. कोण म्हणालं, जा. कोण म्हणालं, गेलास तर तुझा-माझा संबंध तुटला. एकानं तर शाईचा डबा उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. मी दुसऱ्या पाळीवरून आलो होतो. अंगाला रंगाचा वास, डोकं बधिर. मी काहीच बोललो नाही. दादांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, तू कवी माणूस, तू लिहून दे. जे लिहिशील ते एक अक्षर न कापता छापीन.

म्हणून लिहितोय. हे तुमच्या हातात पडलंय म्हणजे दादांनी शब्द पाळला.

मी फार शिकलेला नाही. बाप मराठवाड्यातून बांधकामावर इकडं आला, डहाणूत राहिला. माझी बारावी सुटली आणि बोईसरला कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये ठेक्यावर लागलो. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, नाहीतर डहाणू लोकलमध्ये उभ्यानं. तत्त्वज्ञानाची भाषा मला येत नाही. पण प्रश्न तत्त्वाचा आहे एवढं कळतं. दादांनी जावं की नाही हा लहान प्रश्न झाला. मोठा प्रश्न असा, की एक माणूस दुसऱ्याच्या वतीनं बोलतो म्हणजे नेमकं काय करतो? आणि तो अधिकार त्याला देतं कोण? संपादक आपल्या वतीनं लिहितो. आमदार आपल्या वतीनं बोलतो. दोघांनीही आपला आवाज उसना घेतलेला असतो. आणि उसनं घेतलेलं परत करायचं असतं, हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

आधी लहान गावचा पेपर म्हणजे काय ते बघू. तालुक्याच्या गावी एखादं साप्ताहिक असतं. चार पानं. पहिल्या पानावर पुढाऱ्याचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. आतल्या पानावर जाहीर नोटिसा. अमुक गावचा अमुक गट नंबर माझे अशील खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत पुराव्यानिशी कळवावे, नपेक्षा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल. आता ती जमीन ज्याच्या बापजाद्यांनी कसली तो राहतो पाड्यावर. पाड्यावर हा पेपर जात नाही. गेला तरी त्याला वाचता येत नाही. पण कागदावर असं झालं, की त्याला सांगितलं गेलं, त्यानं ऐकलं, आणि तो गप्प बसला. ज्याला सांगायचं त्यालाच कळू नये म्हणून छापलेला शब्द! हेही छपाईचं एक रूप आहे, आणि पेपरचं पोट बरंचसं यावरच भरतं. वाढदिवस आणि नोटिसा. असा पेपर चालवणारा माणूस दहा वर्षांत पुढारी झाला तर त्यात नवल काय? तो आधीपासून त्याच पंगतीत जेवत होता. फक्त पान बदललं.

पण दुसरंही रूप आहे. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आजूबाजूची जमीन हादरायला लागली. डहाणू-तलासरीची माणसं घरं सोडून थंडीत बाहेर झोपली. मोठा धक्का बसला की मुंबईचे पेपर यायचे, फोटो काढून जायचे. रोज रात्री भांडी वाजवणारे लहान धक्के कुणाच्या बातमीत बसत नव्हते. ते मोजायला त्याच गावात झोपणारा माणूस लागतो. म्हणून लहान पेपर लागतो. म्हणून ही आपली शाई सांडलेली पानंसुद्धा लागतात.

आता एका लहान गावच्या संपादकाची गोष्ट सांगतो. त्याचा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, त्याचं नाव मात्र आपल्यातल्या निम्म्या पोरांना सांगता येणार नाही.

नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी कामठी. तिथं ६ जानेवारी १९०४ ला महाराच्या घरी हरदास लक्ष्मणराव नगराळे जन्मले. बाप रेल्वेत कारकून, म्हणून पोरगा मॅट्रिकपर्यंत पोचला. ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला, आणि पुढच्याच वर्षी, १९२१ ला, या सतरा वर्षांच्या पोरानं 'महारठ्ठा' नावाचं साप्ताहिक काढलं. सतरा वर्षं! मी सतराव्या वर्षी काय करत होतो ते सांगायला लाज वाटते.

पण हरदास नुसते लिहीत बसले नाहीत. कामठीला रात्रीच्या शाळा काढल्या. बायकांसाठी काम केलं. पोटजातीच्या भिंतींवर घाव घातले. आणि विडी कामगारांत शिरले. विडीचा धंदा तुम्हाला माहीत आहे. पान-तंबाखू ठेकेदाराचा, बोटं बाईची, आणि संध्याकाळी मोजताना 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी नाही. हरदासांनी ठेकेदाराला मधून काढायचं ठरवलं आणि विडी कामगारांची सहकारी पद्धतीवर बांधणी सुरू केली. म्हणजे लेख लिहिला ठेकेदाराविरुद्ध, आणि लेखाखाली रेघ मारून तिथंच थांबले नाहीत. वाचणारा आणि न वाचणारा दोघंही त्यांना रोज संध्याकाळी गाठू शकत होते. लेख चुकला तर विडीवाली बाई तोंडावर सांगू शकत होती. हा मुद्दा ध्यानात ठेवा. मी पुन्हा त्यावर येणार आहे.

गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा पुढारी कोण, आंबेडकर की गांधी, हा वाद पेटला. तेव्हा हरदासांनी गावोगावच्या लोकांकडून बाबासाहेबांच्या बाजूनं विलायतेला तारा करवल्या. १९३२ च्या मे महिन्यात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद कामठीला भरली, तिचे स्वागताध्यक्ष हेच. १५ ऑगस्ट १९३६ ला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्याचं काम हरदासांकडं आलं. १९३७ च्या निवडणुकीत ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. कामठीचा संपादक आमदार झाला. आणि १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं गेला. वय पस्तीस. आमदारकीची दोन वर्षंसुद्धा भरली नाहीत.

आता हिशोब मांडा. 'महारठ्ठा' राहिला नाही. ते विधिमंडळ राहिलं नाही, तो प्रांतसुद्धा नकाशावर राहिला नाही. राहिलं काय? 'जयभीम' राहिला. हा नमस्कार हरदासांनी रूढ केला असं मानतात. सांगतात ते असं, की मुसलमान भाऊ एकमेकांना सलाम करतात, एक म्हणतो आणि दुसरा जवाब देतो, ती रीत त्यांना आवडली. आपल्यालाही असं काहीतरी पाहिजे, ज्यात वाकावं लागत नाही. जोहार घालता घालता आपली कंबर मोडली होती. म्हणून जयभीम. आणि त्याला जवाब ठरवला, बलभीम.

मित्रहो, इथं मी लोकलमध्ये पुस्तक मिटलं आणि विचार करत पालघर गेलं ते कळलं नाही. बलभीम कुठं आहे आज? कुणी म्हणत नाही. लोकांनी पहिला शब्द घेतला, दुसरा सोडून दिला, आणि जयभीमला जयभीम हाच जवाब ठेवला. म्हणजे संपादकानं मजकूर दिला आणि लोकांनी तो संपादित केला! माझ्या मते हरदासांचं सगळ्यात मोठं छापील काम हेच. दोन अक्षरी नव्हे, दोन शब्दांचं पत्र. वर्गणी नाही, टपाल नाही, न वाचणाऱ्यालाही येतं. आणि त्याची रचनाच अशी, की म्हणणाऱ्याला थांबावं लागतं. समोरच्यानं जवाब दिल्याशिवाय ते पुरं होत नाही.

मला वाटतं दुसऱ्याच्या वतीनं बोलण्याची कसोटी इथंच आहे. लेखणी की खुर्ची हा खरा झगडा नाहीच. बोलणारा जवाबासाठी थांबतो की नाही, आणि जवाब उलटा आला तर त्याचा शब्द बदलतो की नाही, एवढंच बघायचं.

आता कुणी म्हणेल, निवडणूक म्हणजे जवाबच की. पाच वर्षांनी लोक मतानं उत्तर देतात. ठीक. पण मत कुणाचं? ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. आपला माणूस आपण निवडणार, तो आपल्यालाच जवाबदार. गांधींनी येरवड्यात उपास मांडला, आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. जागा वाढल्या, सगळ्या प्रांतांत मिळून १४८, त्यातल्या २० मध्य प्रांताला. पण मतदार एकत्र झाला. आधी आपण चौघांची निवड करायची, आणि त्या चौघांतला एक सगळ्या गावानं पसंत करायचा. म्हणजे माणूस आमचा आणि पसंती त्यांची. पोरगी आमच्या घरची, पण बघण्याचा कार्यक्रम करणार पाटील! बाबासाहेब पुढं आयुष्यभर या करारावर बोलत राहिले ते उगाच नाही. जागा आमच्या नावानं राखीव असली, तरी तिच्यावर बसणाऱ्याची मान कुठल्या बाजूला वळेल हे त्याला बसवणाऱ्या हातावर ठरतं. डहाणूची विधानसभेची जागा आदिवासींसाठी राखीव आहे. आपल्या वारली, कोकणा भावांना या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मग हरदास त्याच निवडणुकीतून गेले ते कसे टिकले? माझं उत्तर असं, की त्यांच्यापाशी मताशिवाय दुसराही बांध होता. विडीवाल्या होत्या, रात्रशाळा होती, परिषद होती. निवडणूक पाच वर्षांनी जाब विचारते. विडीवाली रोज विचारते.

आता आपल्या इथलं. काहींना राग येईल, तरी बोलतो. श्यामराव परुळेकर. जन्मानं सवर्ण. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीतून आलेला माणूस. पण १९३७ ला मुंबई विधिमंडळावर गेला तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर, रत्नागिरीकडून. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, तेव्हा बाबासाहेबांबरोबर परुळेकर होते. पुढं ते कम्युनिस्ट झाले. पक्ष सोडला, हे खरं. त्यावर भांडायचं तर वेगळ्या रात्री भांडू. मला बघायचंय ते त्यांच्या पायांची दिशा. बाकीचे लोक गावातून विधिमंडळाकडं जातात. हा माणूस विधिमंडळ बघून इथं आला, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत.

तेव्हा इथं वेठबिगार होती. लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले की वारली त्याचा 'लग्नगडी' व्हायचा. जन्मभर राबायचा, बायकोसकट. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान परिषद झाली, तिथं काही वारली गेले. त्यांनी ऐकलं, पण ऐकून गप्प बसले नाहीत, आमच्याकडं या म्हणाले. २३ मे १९४५ ला तलासरीकडच्या झरी गावात हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय कामाला जायचं नाही, असं ठरलं. लग्नगडी सुटायला लागले. गोदावरी परुळेकरांना लोक गोदाराणी म्हणायचे. त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघालं, १९७२ ला त्याला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं.

पण त्या सगळ्यात एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. १० ऑक्टोबर १९४५, तलवाडा. लढ्याच्या बाजूनं लिहिलेल्या हकिकतींत येतं ते असं. जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत निरोप फिरवला, की गोदाराणीनं बोलावलंय, तिच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या. लोक धावले. निरोप खोटा होता. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मेले.

गोळी घालणाऱ्याचा गुन्हा तो त्याचाच, त्याची वाटणी होत नाही. पण आपण कार्यकर्ते आहोत, आपल्याला पुढचा धडा घ्यावा लागतो. लोकांनी खऱ्या माणसावर खरा विश्वास टाकला होता. गोदाराणी खोटी नव्हती. तरीसुद्धा, सगळ्यांचा आवाज एकाच माणसाच्या तोंडात साठला की त्या तोंडाची नक्कल करता येते. निरोप खरा की खोटा हे तपासायला पाड्यावर दुसरा आवाज नव्हता, कागद नव्हता, वाचणारा नव्हता. आज मोबाईलवर पुढाऱ्याचा फोटो लावलेला मजकूर रात्री बाराला येतो आणि सकाळी वस्तीवर दगड पडतात. तेच आहे हे. म्हणून म्हणतो, प्रतिनिधी चांगला असला तरी भागत नाही. त्याच्यावाचून आपलं चालतं की नाही, हेही बघावं लागतं. ज्याच्यावाचून आपलं चालत नाही त्याला आपण जाब विचारू शकत नाही.

परुळेकर पुढं १९५७ ला ठाण्यातून लोकसभेवर गेले, आणि १९६५ साली स्थानबद्धतेत असतानाच वारले. खुर्ची मिळाली, तरी तुरुंग सुटला नाही. ज्यांना खुर्ची मिळताच तुरुंगाचा रस्ता विसरायला होतो त्यांच्यासाठी एवढं नोंदवून ठेवतो.

आता दुसऱ्या बाजूचं बोलणं ऐकू. बैठकीत आपल्यातली एक ताई म्हणाली, तुम्ही कवी लोक, तुमचं सोवळं तुमच्यापाशी ठेवा. आमच्या गल्लीत नळाला पाणी तीन दिवसांनी येतं. नगरपरिषदेत आपला माणूस असता तर आलं असतं. ताईचं म्हणणं खोटं नाही. सोवळं पाळायला घरात पाणी लागतं. भरल्या हौदावर बसून सत्ता घाण आहे म्हणणं सोपं. शिवाय आपण नाही गेलो तरी खुर्ची रिकामी राहत नाही. मग हा वाद पाण्यावरच तपासू. पाण्याचा इतिहास आपल्यापाशी आहे.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव पास झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे खुर्चीनं जे द्यायचं ते दिलं. पाणी मिळालं? एक थेंब नाही. ठराव दप्तरात आणि तळं सवर्णांच्या ताब्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन चवदार तळ्यावर चालत गेले, तेव्हा ओंजळ भरली. त्यानंतर डोकी फुटली. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला. त्यात रकानेच्या रकाने एकट्यानं भरून बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं, काय झालं आणि का झालं. त्याच वर्षी ते सरकारनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात बसले. कोर्टकचेरी होऊन हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं.

ही साखळी नीट बघा. बोले कौन्सिलात नसते तर ठराव नसता, आणि महाडच्या लोकांच्या हातात कायद्याची काठी नसती. पण लोक चालले नसते तर त्या ठरावाला वाळवी लागली असती. आणि पत्र नसतं तर पुढची लढाई कशासाठी हे गावोगाव कळलं नसतं. म्हणजे ताईचं म्हणणं अर्धं खरं. खुर्ची लागते. पण खुर्ची पाणी देत नाही, पाण्याचा कागद देते. कागदाचं पाणी आपले पाय करतात.

आणखी एक बघा. बाबासाहेबांना कौन्सिलात गव्हर्नरानं नेमलं होतं, लोकांच्या मतानं ते गेले नव्हते. मतपेटीचा हिशोब लावला तर आपल्या वतीनं बोलायचा अधिकार त्यांना कुठून आला? तो महाडला आला. पत्रातून आला. अधिकार वरून नेमणुकीनं येत नाही आणि नुसत्या मोजलेल्या मतांनीही येत नाही. लोक बरोबर चालतात, पैसे देतात, उलटे प्रश्न विचारतात, त्यातून तो रोज थोडा थोडा येतो. आणि रोज नाही मिळवला तर रोज थोडा थोडा जातो.

मी मिलचा माणूस, म्हणून एक नाव आमच्या खात्यातलं. नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यात जन्मले. मुंबईत गिरणीत भांडारपाल होते, १८८० पासून 'दीनबंधू' चालवला. विधिमंडळाची खुर्ची कधी मिळाली नाही. १८८४ ला गिरणी कामगारांची सभा बांधली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारला दिला, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. एका संपादकामागं साडेपाच हजार सह्या, त्यात अंगठे किती असतील! ती रविवारची सुट्टी आज ठेक्यावरच्या आम्हा पोरांना पुन्हा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि त्यावरच आता येतो.

आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता माझी. हे लिहिताना तीनदा कागद फाडला.

दिवाळीच्या आधी आमच्या खात्यात जिगर मशीनच्या रोलात एका पोराचा हात गेला. तलासरीकडचा वारली पोरगा, माझ्याहून लहान. तीन बोटं गेली. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. ई.एस.आय.चं कार्ड नव्हतं. ठेकेदारानं दवाखान्यात घरी लाकूड फोडताना कापलं असं लिहवून घेतलं आणि हातावर थोडे पैसे ठेवून पाड्यावर पाठवलं. मी सगळं डोळ्यानं बघितलेलं. रात्री बसून दीड पान लिहिलं आणि दादांना दिलं. दादांनी वाचलं. डोळे भरून आले त्यांचे, खोटं सांगत नाही. मग म्हणाले, थोडं थांबू. हा ठेकेदार त्याच पक्षाच्या लोकांत बसतो. आत्ता छापलं तर सगळंच मोडेल. एकदा निवडणूक होऊ दे, हातात ताकद आली की याला उघडा करू.

मी काय केलं? मी हो म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मीही त्याच मिलमध्ये ठेक्यावर आहे. छापून आलं असतं तर आधी माझा खाडा कायमचा झाला असता. तेव्हा दोष एकट्या दादांवर टाकू नका. त्या दीड पानाची जागा रिकामी राहिली होती, तिथं माझी कविता छापली. कामगाराच्या हातांवरची कविता. तुमच्यापैकी काहींनी मला शाबासकी दिली. ती शाबासकी मी घेतली.

महिन्यानं तो पोरगा तलासरीच्या बाजारात भेटला. हात फडक्यात गुंडाळलेला. त्याला वाचता येत नाही. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो हा, की पेपरात आलं का? मी म्हणालो, येणार आहे.

मित्रहो, तिकीट अजून मिळालेलं नाही, अर्ज भरलेला नाही, आणि पान आत्ताच रिकामं झालं. खुर्ची माणसाला बसल्यावर बिघडवते असं आपण म्हणतो. मी बघितलं ते असं, की ती लांबूनच काम करते. ती अजून दुकानात असते आणि आपण आपले शब्द तिच्या मापानं कापायला बसतो. आणि 'आधी ताकद, मग सत्य' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यात एक फसवणूक आहे. ताकद कुणाच्या नावावर मिळवायची? त्या पोराच्या. आणि थांबायचं कुणी? त्यानंच. त्याला न विचारता त्याच्या वतीनं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, की तुझी तीन बोटं निवडणुकीनंतर मोजू. त्या जाहीर नोटिशीत आणि आमच्यात फरक काय राहिला? त्याचंही गप्प बसणं आम्ही संमती म्हणून धरलं.

तर दादा, तुम्ही लिहून दे म्हणालात, हे माझं लिहिणं.

तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. हरदास गेले, बाबासाहेब गेले. आमच्या वस्तीच्या नळाचा कागद कुणीतरी आणलाच पाहिजे, आणि तुमच्याइतका तो कागद वाचता येणारा माणूस आपल्यात दुसरा नाही. पण जाताना हे पत्र आमच्याकडं ठेवून जा. शाईचा डबा, मशीन, वर्गणीची वही, सगळं. दुसरा संपादक बैठक निवडेल. तो तुमच्याविरुद्ध लिहील तेव्हा तुम्ही फोन करायचा नाही. सभागृहात आमच्या नावानं बोलाल ते परत येऊन या खोलीत आमच्यासमोर बोलायचं, आणि आम्ही चूक म्हणालो तर ऐकायचं. एवढं जमत असेल तर मी रात्रपाळी करून तुमची पोस्टरं चिकटवीन.

आणि अर्ज भरायच्या आधी ही बातमी छापली गेली पाहिजे. ती वर आली आहेच. एक अक्षर कापणार नाही म्हणाला होतात. बातमी छापूनही तिकीट राहिलं तर ते तुमचं. गेलं तर ते तुम्हाला मिळणारच नव्हतं, तुमच्या गप्प बसण्याला मिळणार होतं.

माझं काय होईल ते मला माहीत आहे. ठेकेदारही हा अंक मागवून वाचेल. तेव्हा पुढच्या महिन्यापासून माझी वर्गणी उशिरा आली तर समजून घ्या.

पुढच्या बैठकीला मी त्या पोराला घेऊन येणार आहे. त्याच्यासमोर हा लेख मोठ्यानं वाचायचा. चुकीचं असेल तिथं तो थांबवील. मग ठरवू.

जयभीम.